दंत-दवाखान्यात उत्तर कोणी द्यायचे?

महोदय,

गोव्यात कळंगुट-कांदोळीपासून मडगावपर्यंत इम्प्लांट, कॅप आणि ‘स्माइल डिझायनिंग’चे फलक आता जागोजागी दिसतात. डिसेंबरात सुट्टीवर येणारे इंग्लंडमधील स्विंडनचे गोंयकारसुद्धा दातांची कामे येथेच उरकून परततात. ही सोय चांगलीच आहे. मात्र या दवाखान्यांच्या कारभारावर देखरेख कोणाची आणि काही बिघडल्यास रुग्णाला उत्तर कोणी द्यायचे, हे आपण सहसा विचारत नाही, म्हणून हे पत्र.

पूर्वी दारावरच्या पाटीवर ज्याचे नाव तोच दात काढी, तोच पैसे घेई आणि दुखले तर बोलणीही तोच खाई. आता रूट कॅनलचे डॉक्टर मंगळवारी येतात, इम्प्लांटचे रविवारी, आणि मालक बहुधा दुसऱ्याच शाखेत असतो. गावात बसून तज्ज्ञाचा हात लाभतो, हे खरे. पण माझ्या दाढेवर बसवलेली कॅप वर्षाच्या आत निघाली, तेव्हा ‘ते डॉक्टर आता आमच्याकडे येत नाहीत’ एवढेच रिसेप्शनवरून सांगण्यात आले. एक्स-रे त्या डॉक्टरांच्या लॅपटॉपमध्ये राहिला होता. केसपेपरवर ‘आरसीटी डन’ (रूट कॅनल झाले) असा शेरा आणि रक्कम होती. उपचार करणाऱ्याचे नाव किंवा नोंदणी क्रमांक नव्हता. सारी नोकरी लेखापरीक्षणात गेल्यामुळे रक्कम तेवढी अचूक लिहिलेली पाहून मला नवल वाटले नाही.

1948 चा दंतवैद्य कायदा (त्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने 2023 मध्ये केला) आणि डेंटल कौन्सिलची 2014 ची सुधारित आचारसंहिता ही दोन्ही दंतवैद्याला व्यक्तिशः बांधून घेतात. नोंदणी क्रमांक दवाखान्यात व चिठ्ठीवर दाखवावा, रुग्ण पाठवण्यासाठी कमिशन देऊ-घेऊ नये, हे नियम तेथे आहेत. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्वाळा दिला. तो मार्ग अर्थातच नुकसान झाल्यानंतरचा. दवाखाना रोज कसा चालतो, हा प्रश्न या दोहोंच्या मधल्या फटीत राहून जातो.

निर्जंतुकीकरणाचेच पाहू. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, 121 अंश सेल्सिअस तापमान व 15 पौंड दाब किमान 15 मिनिटे टिकावा लागतो. नुसत्या उकळण्याने जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. उपकरणांच्या पाऊचवरची पट्टी रंग बदलते, पण त्यावरून पाऊच यंत्रात जाऊन तापले एवढेच कळते. बीजाणू खरोखर मेले की नाही, हे पाहण्यासाठी ठरावीक काळाने वेगळी चाचणी करून तिचा निकाल वहीत लिहावा लागतो. दात कोरणारे हँडपीस थांबताना रुग्णाची लाळ आत ओढून घेऊ शकते, म्हणून ते प्रत्येक रुग्णानंतर ऑटोक्लेव्हमध्ये गेले पाहिजे, वरून स्पिरिटने पुसून भागत नाही. हे सारे पदवीच्या अभ्यासक्रमात शिकवले जाते आणि दंतवैद्यांना ते ठाऊक असते. तरीही शनिवारी संध्याकाळी बाहेर रांग लागली आणि हँडपीस दोनच असले, तर मदतनीस मुलगी काय करील? जादा हँडपीस विकत घेणे हा खर्चाचा निर्णय मालकाचा असतो, आणि ‘पुढचा रुग्ण थांबला तरी चालेल’ हे तिला आधी कोणीतरी अधिकाराने सांगून ठेवलेले असावे लागते. दवाखान्यातील नेतृत्व म्हणून जे काही म्हणतात, त्याची कसोटी येथे लागते.

इंग्लंडमध्ये 2011 पासून दंत-दवाखान्यांची नोंदणी व तपासणी केअर क्वालिटी कमिशन करते. तपासनीस जे पाच प्रश्न घेऊन येतात, त्यांपैकी एक दवाखान्याचे नेतृत्व नीट आहे का, हा असतो. तक्रारींचे काय झाले, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळाले का, चुकीतून पुढे काय बदलले, याचे पुरावे ते पाहतात. आपल्याकडे एनएबीएच या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन दंत-दवाखान्यांनाही मिळू शकते, पण ते ऐच्छिक असल्याने ज्यांचा कारभार आधीच नीटनेटका आहे तेच बहुधा तिकडे वळणार.

गोव्याने क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा 2019 मध्ये केला आहे. त्याखाली नोंदणी करताना प्रत्येक दंत-दवाखान्याकडून एका नोंदणीकृत दंतवैद्याचे नाव जबाबदार व्यक्ती म्हणून लिहून घ्यावे आणि ते दर्शनी भागी लावायला सांगावे. बाहेरून येणारे डॉक्टर कोणीही असोत, एक्स-रे आणि नोंदी दवाखान्याकडेच राहाव्यात व मागितल्यास रुग्णाला प्रत मिळावी. तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्याने भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपेक्षा निर्जंतुकीकरणाची आणि तक्रारींची वही आधी उघडावी. कोरी तक्रारवही पाहून त्याने समाधान मानू नये, हेही सांगायला हवे.

सत्तरी किंवा काणकोणात एका खुर्चीवर दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना हा नवा जाच वाटेल. त्यांची अडचण खोटी नाही. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयाने मराठी-कोकणीत नमुना नोंदवही तयार करून दिली आणि मदतनिसांसाठी तालुकावार छोटे वर्ग घेतले, तर त्यांनाही ते झेपेल. हे होण्यास वेळ लागणार हे उघड आहे. तोवर आरोग्य संचालनालयाने उपचार करणाऱ्या डॉक्टरचे नाव व नोंदणी क्रमांक प्रत्येक केसपेपरवर लिहिण्याची आठवण करून देणारे परिपत्रक काढावे. त्यासाठी ना निधी लागतो, ना नवा कायदा.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक, फोंडा