चाक कदंबांचे नव्हे, सेंट कॅथरीनचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत गोव्याच्या जुन्या राजचिन्हावरचा लेख वाचला. ढालीवरचे चाक हे 'कदंबांच्या रथाचे चाक', म्हणजे गोव्याच्या जुन्या कदंब राजघराण्याचे, असे छापून आपण मोकळे झालात. ते चाक सेंट कॅथरीनचे आहे. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा शहर दुसऱ्यांदा आणि कायमचे घेतले, तो दिवस 25 नोव्हेंबर 1510, म्हणजे सेंट कॅथरीनचा सण. म्हणून ती शहराची संरक्षक संत ठरली आणि तिचे चाक ढालीवर आले. अलेक्झांड्रियाच्या या तरुणीला खिळ्यांच्या चाकावर मारायचा हुकूम झाला, तिचा हात लागताच चाक मोडले आणि मग तिचा शिरच्छेद केला, अशी तिची कथा. चित्र नीट पाहा. चाकाच्या धावेवर बाहेर आलेली टोकदार पाती दिसतात. असल्या चाकावर रथ चालेल कसा? कदंबांची खूण सिंहाची. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह आहे आणि त्यांच्या कुलदैवताचे, सप्तकोटेश्वराचे, नाव आहे.

एवढा राग येण्याचे कारण सांगतो. माझ्या नातीला शाळेच्या प्रश्नमंजूषेत हाच प्रश्न आला होता. तिने 'सेंट कॅथरीन' लिहिले आणि उत्तरावर लाल फुली बसली. मी शाळेत जाऊन भेटलो. "आमच्याकडे छापील उत्तर आहे," एवढेच सांगण्यात आले. छापील म्हणजे कुठले, असे विचारल्यावर फाइलीतून वर्तमानपत्राचे एक जुने कात्रण काढून माझ्यापुढे ठेवले. गुण मिळाले नाहीत ते नाहीतच, आणि पोरगी आता पुढच्या स्पर्धेला नाव द्यायला तयार नाही. छापलेल्या चुकीचे पुढे काय होते, ते आपल्या लक्षात यावे म्हणून हे लिहिले.

ते चिन्ह जेत्यांचे होते हे सांगायला संकोच कसला? शहर पडल्यावर आल्बुकर्कने तिथल्या मुसलमान रहिवाशांची कत्तल करवली. त्या विजयाची ही खूण. 1935 मध्ये लिस्बनने सगळ्या वसाहतींना एकाच साच्याची ढाल दिली, एका बाजूला पोर्तुगालच्या पाच छोट्या ढाली, खाली हिरव्या लाटा, उरलेल्या जागेत वसाहतीची स्वतःची खूण. तिथेही आपल्या वाट्याला हेच चाक आले. ते कदंबांच्या नावावर चढवले की कदंबांचा मान वाढत नाही, त्या कत्तलीवर मात्र पडदा पडतो. आज आपल्या सरकारी कागदांवर वृक्षदीप आहे, सोबत 'सर्वे भद्राणि पश्यन्तु मा कश्चिद् दुःखमाप्नुयात्' हे वचन आहे. त्याचा अर्थ किती मुलांना ठाऊक असेल? लेखात त्यावर एक ओळ नाही.

आणखी एक. लेखासोबत जुन्या गोव्यातील व्हाइसरॉयच्या कमानीवरील हरणाचे छायाचित्र आहे आणि खाली 'कदंबकालीन शिल्प' अशी ओळ. ही कमान सोळाव्या शतकाच्या अखेरीस व्हाइसरॉय फ्रांसिस्कू द गामाने आपले पणजोबा वास्को द गामा यांच्या स्मरणार्थ उभारली. हरीण हे त्या घराण्याचे चिन्ह. वास्कोचा पुतळाही त्याच कमानीवर आहे, छायाचित्रकाराने कॅमेरा जरा वर केला असता तर तोही दिसला असता.

दोन्ही दुरुस्त्या त्याच पुरवणीत, लेखाच्या मथळ्याएवढ्या ठळक अक्षरांत छापाव्यात. त्या दुरुस्त्यांचे कात्रण मी स्वतः शाळेत नेऊन देणार आहे.

– एक वाचक, डिचोली