पदवी पूर्ण होईपर्यंत साथ हवी

माननीय संपादक,

आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतील, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क २०२४-२५ पासून माफ करण्याचा राज्य शासनाचा निर्णय मनापासून स्वागतार्ह आहे. मात्र ग्रामीण महाविद्यालयात शिकवताना मी पाहिले, की खोलीभाडे, खानावळ आणि वेळेवर न येणारी एसटी यांमुळेच अनेक मुली दुसऱ्या वर्षापर्यंत गळतात. त्यातच राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची मुभा, जी परत येणाऱ्यासाठी सोय आहे, ती घरच्यांना मुलीचे शिक्षण थांबवण्याचे निमित्त ठरू नये, अशी मला खरोखर काळजी वाटते.

रोजगाराचेही तसेच आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन मिळते, पण मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. असे प्रशिक्षण पदवीच्या अखेरच्या वर्षालाच जोडावे. तसेच किती विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला आणि त्यांपैकी किती पदवीधर झाले, हे प्रत्येक महाविद्यालयाने दरवर्षी जाहीर करणे शासनाने बंधनकारक करावे.

एक निवृत्त प्राध्यापिका