काळे-निळे डाग आणि गहू

महोदय,
मार न लागता अंगावर काळे-निळे डाग उठतात, हिरड्यांतून वा नाकातून वरचेवर रक्त येते, तेव्हा पोटाकडे कुणाचे लक्ष जात नाही. दर डागामागे सिलिॲक हा आतड्याचा आजारच असतो असे नव्हे. पण या आजारात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याचे अस्तर झिजते, चरबी पचत नाही आणि तिच्यासोबत शोषले जाणारे के जीवनसत्त्वही अंगी लागत नाही. मग यकृताला रक्त गोठवणारे घटक नीट बनवता येत नाहीत. प्लेटलेट ठीक, पण पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) वाढलेला आणि के जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनने उतरणारा, असे दिसले तर डॉक्टरांना टीटीजी-आयजीए व एकूण आयजीए या सिलिॲकसाठीच्या रक्ततपासण्यांबद्दल विचारावे. (वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यानेच आयएनआर वाढतो.) तपासणीआधी गहू सोडू नये, नाहीतर आजार असूनही अहवाल नॉर्मल येऊ शकतो.

निदान पक्के झाले की चपाती बंद, बेळगावचे मांडेही बंद. आपल्या सीमाभागात ज्वारीची भाकरी घरोघरी आहे, हे नशीबच! मात्र गिरणीत गव्हापाठोपाठ ज्वारी दळली की त्यात गव्हाचे पीठ येतेच. डबीतल्या हिंगातही बहुधा मैदा असतो.

– एक वाचक, निपाणी