आई, गाडी चालवायला लागलेय

लेस्टर, इंग्लंड,
रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर बोलता बोलता मी गाडीने कामावर गेल्याचं निघालं आणि तू एकदम गप्पच झालीस. मग फोन बाबांकडे दिलास. तुझी काळजी फोनवर दोन वाक्यांत मिटणारी नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा. शेवटचा मजकूर तुमच्यासाठी आहे, तो मात्र गाळू नका.

आई, तुझ्या डोळ्यांसमोर तुझं गर्भपिशवीचं ऑपरेशन आहे, हे मला कळतं. पोटावर मोठा छेद, दीड महिना अंथरूण, आजीने पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटावर लहान लहान पाच खुणा आहेत, त्याही आता फिकट होत चालल्यात. पण आत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी केली आहे आणि ती स्टेपलने शिवली आहे. बाहेरची जखम छोटी असली तरी आतली शिवण लांबलचक आहे. म्हणून इथल्या डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी एकदमच सांगितल्या : चालायला पहिल्या दिवसापासून लागायचं, आणि ओझं मात्र चार-सहा आठवडे उचलायचं नाही.

चालण्याचं सांगते. ऑपरेशनच्या संध्याकाळीच नर्सने मला पलंगावरून उतरवलं. पायात ते घट्ट पांढरे मोजे, एका हाताने सलाईनचा स्टँड धरलेला, आणि वॉर्डच्या टोकाच्या खिडकीपर्यंत जाऊन परत यायचं. तू तिथे असतीस तर तिच्याशी भांडली असतीस. पण ती करत होती तो उपचारच होता. जास्त वजनाच्या माणसाला ऑपरेशननंतर पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका मोठा असतो, आणि ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. पोटरी हलली की रक्त वर ढकललं जातं, साचून राहत नाही. त्यासाठीच घरी आल्यावरही रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं चालू होती. रोज रात्री हे माझ्या पोटाची कातडी चिमटीत धरून सुई टोचायचे. मला फारसं दुखायचं नाही, यांचाच हात थरथरायचा.

तेव्हा ‘पडून राहा’ हा तुझा प्रेमाचा सल्ला मी ऐकला नाही, तो यासाठी. आधी घरातल्या घरात, मग गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, मग ॲबी पार्कात सोअर नदीच्या कडेने. थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा.

गाडीचं मात्र वेगळं आहे. चालताना दमले तर बाकावर बसता येतं. गाडी चालवताना समोर पोर आडवं आलं तर त्या क्षणी पूर्ण ताकदीनिशी ब्रेक दाबता आला पाहिजे. ब्रेकवर पाय जोरात पडतो तेव्हा पोटाचे स्नायू आवळले जातात, आणि पोट दुखत असलं की पाय आपोआप कचरतो. ते अर्ध्या सेकंदाचं कचरणं दुसऱ्याच्या जिवावर येऊ शकतं. म्हणून सर्जननी तारीख दिली नाही, कसोटी दिली. साधारण एक-दोन आठवड्यांनी बहुतेकांना जमतं म्हणाल्या, पण गुंगी आणणारी वेदनाशामक गोळी पूर्ण बंद झालेली हवी, मान आणि कंबर वळवून मागे नीट बघता यायला हवं, आणि दचकून ब्रेक दाबताना पोटात कळ यायला नको.

आम्ही ती कसोटी घराच्या दारातच घेतली. गाडी बंद, हे शेजारच्या सीटवर. मधेच ‘थांब!’ म्हणून ओरडायचे आणि मी ब्रेक दाबायचा. पहिल्या खेपेला बेंबीच्या वरच्या खुणेपाशी कळ आली, तेव्हा किल्ली यांच्याकडे देऊन आत गेले आणि नंतर काही दिवस बसनेच फिरले. पुढच्या वेळी पाय बिनधास्त पडला. मग विमा कंपनीला फोन करून ऑपरेशनचं सांगितलं. काही कंपन्यांच्या अटी असतात, आणि अपघात झाल्यावर त्या कळून उपयोग नसतो. इथल्या परवाना खात्याला असल्या ऑपरेशनबद्दल लगेच कळवावं लागत नाही, तीन महिन्यांनंतरही गाडी चालवता येत नसेल तरच. सुरुवातीला सीटबेल्ट खुणांवर घासायचा, तिथे एक छोटा टॉवेल घडी करून ठेवत होते. एवढं सगळं पाहूनच मी रस्त्यावर आले आहे, आई. पहिल्यांदा हे शेजारी होते आणि दुकानापर्यंतच गेले.

आता व्यायाम. जखमा सुकल्यावर पोहायला परवानगी मिळाली. वजनं उचलायला अजून वेळ होता. पोटाच्या स्नायूंवर लवकर ताण आला तर खुणांच्या जागी हर्निया होतो, त्यामुळे भरलेल्या किटलीपेक्षा जड काही नाही, असं बजावलं होतं. कुकर, किराण्याच्या पिशव्या, धुतलेल्या कपड्यांची बादली, सगळं थोरल्याने केलं. कणीकही त्यानेच मळली, आणि चांगली मळतो हं.

पण ते आठवडे संपल्यावर वजनं उचलणं टाळायचं नाही, उलट करायलाच हवं, हे मला इथे कळलं. इतकं भराभर वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काटा खाली येतो आणि जिना चढताना मांड्या थरथरतात. त्यावर दोनच उपाय, प्रथिनं आणि स्नायूंना काम. मला दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं घ्यायची आहेत आणि एका वेळी पोटात मावतं वाटीभरसुद्धा नाही. म्हणून आधी पनीर, घट्ट दही, मूग, सोयाबीन, आणि जागा उरली तर भाताचे चार घास. तू पाठवलेले डिंकाचे लाडू फ्रीजरमध्ये आहेत. धाकटी रोज शाळेतून आली की एक खाते. मला आत्ता ते चालणार नाहीत, यावर रुसू नकोस.

पाण्याचंही शिकावं लागलं. व्यायाम करून आल्यावर पूर्वीसारखं घटाघटा पाणी पिताच येत नाही, छातीत अडकल्यासारखं होतं. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी नाही, एरवी दिवसभर घोट घोट. बाटली सतत जवळ असते. एकदा का पाणी कमी पडलं की चक्कर, आणि अशा चक्करेत गाडीही नाही नि व्यायामही नाही.

शनिवारी सकाळी 9 वाजता इथे पार्करन असतं. बागेत 5 किलोमीटर धावायचं किंवा चालायचं, पैसे लागत नाहीत. 2004 साली लंडनच्या बुशी पार्कात 13 धावणाऱ्यांनिशी सुरू झालं, आता कितीतरी देशांत चालतं. चालणाऱ्यांनाही तितकाच मान आहे. एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालतो, त्यामुळे शेवटचा कोणीच ठरत नाही. माझ्यासारख्या बाईसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते तुला सांगायला नको. शाळेच्या शर्यतींपासून मी शेवटचा नंबर सोसला आहे. मी सगळं अंतर चालून जाते. धावायची घाई नाही.

आता बाबा, तुमचं. माझा मधुमेह हे या ऑपरेशनचं मोठं कारण होतं. आपल्याकडच्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून इथे आशियाई रुग्णांसाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्या आकड्याची, अट 2.5 ने खाली धरतात. ऑपरेशननंतर खाणं घटलं की साखर झपाट्याने उतरते, म्हणून माझी साखर एकदम पाडू शकणारी गोळी त्यांनी आधीच बंद केली. नाहीतर गाडी चालवताना डोळ्यांसमोर अंधारी आली असती. इन्सुलिन घेणाऱ्या चालकांना इथे शिकवतात की साखर 5 च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायचं, आणि 4 च्या खाली असेल तर गाडीला हातच लावायचा नाही. आपल्याकडच्या मापात ते 90 आणि 72.

तुम्ही ग्लिमेपिराइड घेता. तीही साखर पाडणारी आहे. आणि तुम्ही सकाळी गोळी घेऊन, नाश्ता न करता ॲक्टिव्हावरून गोडोलीहून मोती चौकात भाजीला जाता, असं दादाने सांगितलं. एकादशीलाही तसंच. कृपा करून हे थांबवा. आधी खा, मग गोळी, मग गाडी. डिकीत ग्लुकोजची पुडी ठेवा. घाम फुटला, हात थरथरले, की गाडी बाजूला घेऊन ती तोंडात टाका, आणि बरं वाटलं तरी लगेच निघू नका. इथे पाऊण तास थांबायला सांगतात. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. आणि गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट दादाला फोटो काढून पाठवायला सांगा, मी वाट बघतेय.

तुमची लेक