'अभेद्य' अल्गोरिदमची परीक्षा कोण घेणार?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या शैक्षणिक पानावर अलीकडे एका महाविद्यालयातल्या संशोधनाची बातमी वाचली. तिथल्या प्राध्यापकांनी नवा एन्क्रिप्शन अल्गोरिदम, म्हणजे माहिती कुलूपबंद करायची गणिती रीत, तयार केला, तो 'हॅकर्सना अभेद्य' आहे आणि त्याला पेटंटही मिळालं, असं त्यात होतं. सोबत शाल-श्रीफळाचा फोटो. कुणाच्या आनंदात मिठाचा खडा टाकायची माझी इच्छा नाही. पण उभी हयात सहकारी बँकेच्या ईडीपी (संगणक) विभागात गेल्यामुळे 'अभेद्य' म्हटलं की मला पुढचं वाचवत नाही. म्हणून हे पत्र.

आधी पेटंटचं उरकून घेतो. आपल्याकडे पेटंटचा अर्ज ठरावीक मुदतीनंतर प्रकाशित होतो आणि जादा फी भरली तर लवकरही होतो. प्रकाशित झाला म्हणजे मंजूर झाला असं नव्हे, परीक्षण पुढे असतं. त्यातून १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ के सांगतं की गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम यांना पेटंट देता येत नाही. मग मिळालं ते नेमकं काय, एवढं आपल्या बातमीदारांनी विचारायला हवं होतं. आणि समजा, खरंच मंजूर झालं असेल तरी पेटंट कार्यालय पाहतं ते नावीन्य. सायफर, म्हणजे हा कुलूपबंद करणारा अल्गोरिदम, किती दमाचा आहे, हे तिथे कुणी तपासत नाही.

ते तपासायची रीत फार जुनी आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलं की सगळी यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी काम बिघडता कामा नये; गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली, म्हणजे कुलूप उघडणारा आकडा. १९९७ साली अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं नवा सायफर हवा म्हणून जगाला आवाहन केलं. जुन्या डीईएस या सायफरची किल्ली ५६ बिटांची (५६ शून्य-एकांची), आणि पुढच्याच वर्षी खास बांधलेल्या एका यंत्रानं ती ५६ तासांत शोधून दाखवली, म्हणजे घाई रास्तच होती. १५ प्रवेशिका आल्या. त्या सगळ्या उघड्यावर मांडल्या गेल्या आणि जो तो दुसऱ्याची प्रवेशिका फोडायला बसला. मॅजेन्टा ही डॉइश टेलिकॉमची प्रवेशिका. मोठी कंपनी, मोठी माणसं. १९९८ च्या परिषदेत ती मांडली गेली आणि तिथल्या तिथेच श्रोत्यांनी तिच्यातली फट दाखवून दिली. शेवटी टिकला तो बेल्जियमच्या दाएमेन आणि राइमेन या दोघांचा राइनडाल. २००१ पासून तोच एईएस म्हणून ओळखला जातो आणि व्हॉट्सॲपपासून नेटबँकिंगपर्यंत सगळीकडे तोच चालतो. आजवर कुणाला तो व्यवहारात मोडता आलेला नाही, आणि मोडायला बसलेली माणसं काही लहानसहान नव्हती. त्याची पत आहे ती यामुळे.

आपल्याकडे उलटं चालतं. नवा अल्गोरिदम निघतो, सेमिनारमध्ये वाचला जातो, टाळ्या पडतात, आणि त्यावर कुणी साधा हातही टाकून बघत नाही. मग अभेद्य का नसेल? लांग बांधून खासबागेच्या मातीत जो कधी उतरलाच नाही, तो पैलवानही अजिंक्यच असतो.

अशा शोधनिबंधांचा साचाही आता पाठ झाला आहे. सुरुवातीला बहिर्जी नाईक आणि करपल्लवी (बोटांच्या खुणांची सांकेतिक भाषा) यांची एक स्लाइड. (बहिर्जींबद्दल मला नितांत आदर आहे, पण त्यांचं नाव घेतल्यानं किल्ली लांब होत नाही.) मग एक चित्र, बहुतेक वेळा अशा संशोधनात वर्षानुवर्षं नमुना म्हणून वापरलेल्या टोपीवाल्या 'लेना'चंच. आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेनं ते चित्र एप्रिल २०२४ पासून शोधनिबंधांत घेणं बंद केलं, आपल्याकडे मात्र ते सुखेनैव नांदतं आहे. त्या चित्रावर केऑसच्या (वरवर बेशिस्त आकडे देणाऱ्या) समीकरणावर बेतलेला सायफर चालवायचा, की राखाडी ठिपक्यांचा चौकोन मिळतो. खाली तक्ता: एन्ट्रॉपी (ठिपके किती विस्कटले) ७.९९, एनपीसीआर ९९.६ टक्के, यूएसीआय ३३.४ टक्के (मूळ चित्रातला एक ठिपका बदलला तर निघालेलं चित्र किती बदलतं, याची ही दोन मापं). आकडे खोटे नसतात. पण त्यातून इतकंच कळतं की निघालेलं चित्र नशिबानं पडलेल्या ठिपक्यांसारखं दिसतं. किल्ली त्याच पानाच्या तळाशी छापून टाकली तरी हे आकडे तिळभर बदलणार नाहीत! खरा प्रश्न वेगळा आहे. हल्लेखोराला स्वतःच्या पसंतीचं चित्र, समजा नुसतं काळंकुट्ट, त्या यंत्रणेतून काढून घेता आलं तर? काळ्या चित्रात सगळे शून्य. म्हणजे बाहेर येतं ते सायफरनं मिसळलेलंच. किल्ली दर वेळी मिसळायच्या आकड्यांची तीच धारा सोडत असेल, तर पुढचं प्रत्येक चित्र वजाबाकीनं उघडतं. केऑसवाल्या कितीतरी योजना याच हल्ल्यात आडव्या झाल्या आहेत. तरी तक्ता छापला जातो, कारण मार्गदर्शकाला बढतीसाठी शोधनिबंध हवे असतात. त्यांच्यावर रोज तासांचा आणि नॅकच्या (महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या) फायलींचा डोंगर असतो, हेही खरं.

निवृत्तीनंतर मला अभियांत्रिकीच्या प्रोजेक्ट प्रदर्शनांना परीक्षक म्हणून बोलावणं येतं. अशाच एका ठिकाणी पहिल्या नंबरचा प्रोजेक्ट 'तिहेरी कवचा'चा होता. संदेश आधी सीझर (अक्षरं पुढे सरकवायची जुनी रीत), मग एईएस, मग आरएसए (एक जाहीर आणि एक खासगी अशा दोन किल्ल्यांची रीत) यांमधून जायचा. किल्ली कुठे ठेवलीस, म्हणून विचारलं तर मुलानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. प्रोग्रामच्या वरच्याच ओळीत, अवतरणचिन्हांत: कोल्हापूर१२३.

शेजारच्या टेबलावर एक मुलगी होती. तिचे काका महाद्वार रोडवर एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करतात. संध्याकाळी दुकानांतून फिरायचं, मोबाइलवर रक्कम टाकायची, छोट्या प्रिंटरमधून पावती फाडून द्यायची. काकांना विचारून तिनं त्यांचा मोबाइल आपल्या लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवर घेतला होता आणि वायरशार्क हा नेटवर्कवरून जाणारी माहिती दाखवणारा प्रोग्राम लावला होता. एक पिग्मी भरून दाखवली. पडद्यावर खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, रक्कम आणि काकांचा पासवर्डसुद्धा, मराठी शाळेतल्या पोरालाही वाचता येईल असा. ॲप सगळं उघड्या एचटीटीपीनं, म्हणजे काहीही कुलूप न लावता, पाठवत होतं. माझ्या जोडीचे परीक्षक म्हणाले, "बाळ, छान आहे, पण यात नवीन अल्गोरिदम कुठाय?" ती म्हणाली, "सर, जुनाच बसवला असता तरी भागलं असतं."

बक्षीस तिला मिळालं नाही. मी भांडलो, पण एक विरुद्ध दोन. वर आणखी एक झालं. तिनं पतसंस्थेला कळवलं, तिथून सॉफ्टवेअरवाल्यांना कळलं आणि त्यांचा फोन कॉलेजात आला, 'विद्यार्थ्यांना आवरा' म्हणून. कॉलेज घाबरलं. घाबरण्यासारखं आहेच: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक यंत्रणेत शिरता येत नाही, आणि त्यामागे लबाडीचा हेतू ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या मुलीचा हेतू स्वच्छ होता, पण तसं कोर्टात सांगत बसायची कोणाची तयारी असते? त्यासाठी आधीच लेखी परवानगी हवी, आणि ती मिळवून देणं हे विद्यापीठाचं काम आहे, एकट्या पोरीचं नव्हे.

पैसे जातात ते कुठून, हे बँकेतल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी गेले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि देशातल्या ज्या गावांत बनावट कार्डं चालली त्यांत आपलं कोल्हापूरही होतं. तिथे कुणी सायफर फोडला नव्हता. मालवेअरनं मधे एटीएमच्या विनंत्यांना मंजुरी देणारा एक खोटा स्विच उभा केला आणि तोच 'मंजूर, मंजूर' म्हणत राहिला. खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या कोअर बँकिंगला पत्ताच नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची चौकट लावली, २०१९ च्या अखेरीस ती चार स्तरांत बसवली. पतसंस्था मात्र त्या चौकटीत येत नाहीत, कारण त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत. आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या आहेत. रोज लाखो माणसांचा पैसा त्यांच्या सॉफ्टवेअरमधून फिरतो. नेटवर्क सिक्युरिटीवर काम करणाऱ्या विद्यापीठाला याहून मोठी प्रयोगशाळा कुठे मिळणार?

'आमच्याकडे साधनं नाहीत' हे उत्तर मला ठाऊक आहे. २०२२ मध्ये साइक नावाची एन्क्रिप्शनची योजना पडली. आजचे काही सायफर मोडू शकेल अशा भावी क्वांटम संगणकापुढेही टिकणारी म्हणून ती निस्टच्या निवडीत चौथ्या फेरीपर्यंत आली होती. लूव्हेन विद्यापीठातल्या दोघांनी ती साध्या प्रोसेसरच्या एका कोअरवर तासाभरात फोडली, तीही १९९७ मधलं एक गणिती प्रमेय हाताशी धरून. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ संख्या (प्राइम) आहे की नाही हे ठरवायची जी रीत शोधली, ती जगानं डोक्यावर घेतली. त्यातले दोघे तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते. लागलं ते गणित. आपल्याकडे गणिताचा विभाग एका इमारतीत आणि कॉम्प्युटरचा दुसऱ्या, आणि दोघांची गाठ पडते ती परीक्षेच्या पर्यवेक्षणाला.

शिवाजी विद्यापीठानं आणि आसपासच्या स्वायत्त महाविद्यालयांनी एवढं करावं. सायफरवरच्या प्रबंधासोबत त्याचा कोड आणि एक उघडं आव्हान जाहीर करावं, आणि सहा महिने कुणालाही तो फोडू द्यावा. दुसऱ्याची छापून आलेली योजना फोडून दाखवली तर तेही पीएच.डी.चं काम मानावं. जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांशी लेखी करार करून विद्यार्थ्यांना तपासणीसाठी पाठवावं. सापडलेली चूक आधी संस्थेला, मग सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, आणि दुरुस्तीनंतरच सगळ्यांना. ऑगस्ट २०२४ मध्ये निस्टनं क्वांटम संगणकापुढे न टिकणाऱ्या आरएसएची जागा घेणारी पहिली तीन मानकं काढली आहेत. कोणत्या संस्थेत आरएसए कुठे कुठे दडला आहे याची नुसती यादी करायची म्हटली तरी दोन-तीन तुकड्यांना पुरेल एवढं काम आहे. वाचकांनाही बरंच करता येईल. प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात आणि पीएच.डी.ची मौखिक परीक्षा खुली असते. इच्छा असेल त्यानं मागच्या बाकावर जाऊन बसावं.

आणि पतसंस्थांच्या सभासदांना एक विनंती. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा होतील. लाभांश किती, भेटवस्तू काय, यावर आपण घसा कोरडा करतोच. त्याच सभेत उठून विचारा: पिग्मीचं ॲप कुणी तपासलं, केव्हा, आणि अहवाल कुठे आहे? विषयपत्रिकेत नसलं तरी हरकत नाही, 'आयत्या वेळचे विषय' शेवटी असतातच.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
मंगळवार पेठ, कोल्हापूर