‘गाडीच तर होती’ म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसू नकोस

कोल्हापूर, रविवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझी माझदा एमएक्स-५ चोरीला गेली, त्याबद्दल फोनवर जे राहून गेलं ते लिहून पाठवतो आहे. फोनवर आई रडते, तू गप्प होतोस आणि तुला धीर द्यायच्या नादात कामाच्या गोष्टी बाजूला पडतात. पत्र लांबेल. सावकाश वाच.

तुझ्या ऑफिसात कुणीतरी म्हणालं, गाडीच तर होती, इन्शुरन्स आहे ना, मग काय! आपल्या घरातही एकदोघांनी तसंच म्हटलं. त्यांच्यावर चिडू नकोस, पण त्यांचं मनावरही घेऊ नकोस. माझी सगळी नोकरी विमा कंपनीच्या मोटार क्लेम खात्यात गेली. अपघाताच्या क्लेमला येणारा माणूस तावातावाने बोलतो, गॅरेजच्या बिलावरून वाद घालतो. चोरीच्या क्लेमला येणारा माणूस हळू आवाजात बोलतो. कागलकडचे एक शेतकरी आरएक्स १०० चा क्लेम घेऊन आले होते. चोरीच्या क्लेममध्ये गाडीच्या दोन्ही किल्ल्या कंपनीकडे जमा कराव्या लागतात. त्यांनी एक किल्ली टेबलावर ठेवली आणि दुसरी मुठीतच धरून बसले. म्हणाले, ‘सायब, ही पण दिली म्हंजे गाडी गेली ह्याच्यावर मीच सही केल्यागत हुतंय.’ मी घाई केली नाही. चहा मागवला. ती गाडी त्यांनी कशी घेतली, बायकोला तीवरून जोतिबाला कसं नेलं, सगळं त्यांनी सांगितलं. मग किल्ली ठेवली आणि उठले. ते रडगाणं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. माणूस ज्या वस्तूवर हात फिरवतो तिच्यात त्याचे दिवस गेलेले असतात.

तुझे तर किती गेले! ती गाडी तू आणलीस तेव्हा दाराखालचा पत्रा, मागच्या चाकापुढचा, बोटाने दाबला तरी आत जायचा. टपाचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात, पाणी आतल्या आत साठतं आणि पत्रा आतून सडतो, हे तूच मला व्हिडिओ कॉलवर नळीत वायर घालून दाखवलं होतंस. सडलेलं सगळं कापून तू नवीन पत्रा जोडलास. उद्यमनगरात सुट्टीभर मिस्त्रीकाकांच्या हाताखाली बसून शिकलेलं वेल्डिंग इंग्लंडात कोव्हेंट्रीतल्या भाड्याच्या गॅरेजमध्ये कामी आलं. काकांना फोटो दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला आणि ‘टाका सरळ हाय’ एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकलेली नाही.

आम्ही तिकडे आलो होतो तेव्हा डावा हेडलाइट वर येईना. त्या गाडीचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले असतात, लावले की वर येतात. बॉनेट उघडून मोटरवरचं रबरी टोपण काढायचं आणि खालची घुंडी हाताने फिरवत राहायचं, मग दिवा हळूहळू डोळा उघडल्यासारखा वर येतो. ती घुंडी तू मला फिरवायला दिलीस. आयुष्यभर गाड्यांचे कागद तपासले, पण एखाद्या गाडीचा इतका लळा लागेल असं वाटलं नव्हतं. १६०० सीसीचं इंजिन, वजन टनाच्या आत, दोनच माणसांची जागा. सामान ठेवायला जागा नाही म्हणून आई कुरकुरली आणि दहा मिनिटांत ओढणी डोक्याला बांधून हसत बसली.

तुझ्या गावाशी त्या गाडीचं नातं जुळतं हे मला फार आवडायचं. कोव्हेंट्रीतल्या कॅनलीच्या कारखान्यात ट्रायम्फच्या उघड्या टपाच्या गाड्या बनायच्या. १९८० मध्ये तिथली स्पिटफायर बंद झाली, त्याच वर्षी ॲबिंग्डनला तशीच उघड्या टपाची एमजीबीही बंद झाली. पुढे १९८९ मध्ये माझदाने शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ मांडली, तेव्हा साठच्या दशकातल्या इंग्रजी लोटस एलानचा नमुना त्यांच्या डोळ्यांपुढे होता. इंग्रजांनी सोडून दिलेलं काम हिरोशिमाच्या लोकांनी मनावर घेतलं आणि अशा दहा लाख गाड्या २०१६ पर्यंत बनवल्या. तुझी तर खास जपानमध्ये विकलेली, युनोस नावाची. हिरोशिमाहून निघालेली गाडी कोव्हेंट्रीत येऊन एका कोल्हापुरी पोराच्या हातून पुन्हा उभी राहिली होती.

आता दुसरी गोष्ट. गॅरेजमध्ये लावायला हवी होती, ट्रॅकर बसवायला हवा होता, असं तू स्वतःला बोल लावतो आहेस. ते बंद कर. गाडी तुझ्या दारात होती, कुलूप लावलेलं होतं, किल्ल्या घरात होत्या. चोरी चोराने केली. पुढच्या वेळी काय करायचं ते पुढे बघू, पण आज या विचारात रात्र घालवण्यात काही अर्थ नाही.

कामाचं बोलतो. पोलिसांकडून क्राइम रेफरन्स नंबर मिळाला आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवलंस, हे चोख झालं. त्यात उशीर केलेल्या माणसांचे काय हाल होतात ते मी पाहिलं आहे. आपल्याकडे एफआयआरनंतर तपास न लागल्याचा पोलिसांचा शेवटचा अहवाल येईपर्यंत महिने जातात. त्याला ‘अ समरी’ म्हणतात. तो हातात आल्याशिवाय क्लेम पुढे सरकत नाही. तिकडे तेवढं थांबावं लागत नाही, पण कंपनी गाडी सापडते का म्हणून थोडे दिवस वाट बघेल. त्या दिवसांत दोन कामं कर.

पहिलं म्हणजे आसपासच्या गल्ल्या पायी पालथ्या घाल. गाडी चोरून लगेच गोदामात नेतातच असं नाही. एखाद्या शांत रस्त्यावर किंवा हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये ती दोनचार दिवस सोडून देतात. आत ट्रॅकर असेल तर मालक किंवा पोलिस तिथे येतील, नाही आले तर मग उचलायची, असा तो हिशेब असतो. आपल्याकडे स्टेशनच्या पे-अँड-पार्कमध्ये चोरीच्या मोटारसायकली सापडतात त्या याच कारणाने. मित्राला बरोबर घे, दिवसाउजेडी जा. आणि दिसली तर हात लावू नकोस, पोलिसांना फोन कर. त्यांच्या नोंदीत ती चोरीची असताना तू चालवत निघालास तर तुलाच अडवतील. कुणी फोन करून ‘गाडी कुठे आहे सांगतो, आधी पैसे पाठव’ म्हणालं तर नंबर पोलिसांना दे आणि विषय संपव. गाडी गेलेल्या माणसाला हेरून गंडवणारे सगळ्या देशांत आहेत.

दुसरं काम कागदांचं, आणि इथे मात्र माझं ऐक. आपल्याकडे पॉलिसी घेतानाच आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यापुरती धरलेली किंमत, ठरलेली असते. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात, त्याहून जुनी असेल तर किंमत दोघांनी मिळून ठरवायची. तुझी पॉलिसी बाजारभावाची आहे, म्हणजे चोरीच्या आधी तशी गाडी बाजारात कितीला मिळाली असती, तेवढी रक्कम. तुझ्या घामाचे तास त्यात कुणी मोजणार नाही. त्या घामामुळे गाडीची जी अवस्था झाली होती तिची किंमत मात्र मागता येते, आणि ती अवस्था तुलाच सिद्ध करावी लागेल. सडलेल्या पत्र्याचे, कापल्यावरचे, जोडल्यावरचे, रंग दिल्यावरचे फोटो तारखेप्रमाणे लाव. सुट्या भागांची बिलं, दरवर्षीच्या गाडी-तपासणीची, म्हणजे एमओटीची, प्रमाणपत्रं, टायरची पावतीसुद्धा. मग त्याच सालच्या आसपासच्या, तितक्याच चाललेल्या, काम करून चांगल्या ठेवलेल्या गाड्यांच्या जाहिराती जमव, किंमत आणि तारीख दिसेल अशा. अर्धवट सडलेल्या गाडीच्या भावाशी तुझ्या गाडीची तुलना होऊ द्यायची नाही.

पहिली रक्कम कळवतील ती बहुतेक कमी असेल. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेलो आहे. पहिला आकडा हा शेवटचा नसतो, आणि समोरच्याने शांतपणे नीट लावलेली फाइल पुढे केली की आमच्यातला चांगला माणूस ती मनापासून वाचायचा. आवाज चढवू नकोस, लेखी उत्तर दे. तरी जमलं नाही तर रीतसर तक्रार कर. त्यांना अंतिम उत्तरासाठी आठ आठवडे असतात. त्यानंतर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या तिकडच्या संस्थेकडे, जाता येतं आणि त्याला तुझा पैसा लागत नाही. अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायचं, एवढं लक्षात ठेव.

एका गोष्टीबद्दल मी तुझ्याशी कडक बोलणार आहे. सस्पेन्शन आणि स्टिअरिंग तू बदललं होतंस. विमा घेताना कळवलं असशील तर तो ईमेल शोधून फाइलमध्ये लाव. कळवायचं राहिलं असेल तर लपवू नकोस, विचारतील तेव्हा सरळ सांग. तिकडच्या २०१२ च्या कायद्यात निष्काळजीपणे राहून गेलेलं आणि मुद्दाम खोटं सांगितलेलं यांत फरक केलेला आहे. पहिल्यात बहुतेकदा रक्कम प्रमाणात कमी होते, दुसऱ्यात पॉलिसीच रद्द होऊ शकते. चार पैसे कमी आले तरी चालतील. आपल्या घरातून क्लेमच्या अर्जावर खोटी ओळ जाणार नाही.

गाडी परत मिळेल का, हे तू विचारलंस आणि मी फोनवर उत्तर दिलं नाही. खोटी आशा लावणार नाही. इतक्या जुन्या गाड्या बऱ्याचदा सुट्या भागांसाठी नेतात, आणि तुझ्या गाडीचं कडक टप एकटंच चांगल्या किमतीला जातं. पण नंबर कागदावर जिवंत राहिला तर कधीकधी गाडीही सापडते. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर गेर्हार्ड बर्गर तुला माहीत आहे. १९९५ च्या एप्रिलमध्ये इमोलाला शर्यतीसाठी गेला असताना त्याची लाल फेरारी एफ५१२एम चोरीला गेली. चोर डोळ्यांसमोर गाडी घेऊन निघाले, तो आडवा गेला, तरी गेले. ती जपानला पोचली, वर्षानुवर्षं तिथे राहिली, मग इंग्लंडमध्ये आली. तिथून एक अमेरिकन गिऱ्हाईक ती विकत घ्यायला निघालं, तेव्हा फेरारी कंपनीने तपासणी केली आणि ती चोरीची असल्याचं बाहेर आलं. २०२४ मध्ये लंडन पोलिसांनी गाडी ताब्यात घेतल्याचं जाहीर केलं. मधे २८ वर्षं गेली होती, तरी चोरीची नोंद कुणी पुसलेली नव्हती.

म्हणून चॅसिस नंबर सगळीकडे दे. पोलिसांकडे तो बरोबर लिहिला आहे ना, एकेक अक्षर ताडून बघ. ओनर्स क्लबला कळव. ही मंडळी सुटे भाग विकत घेताना डोळे उघडे ठेवतात, आणि तुझं डावीकडचं वेल्डिंग फोटोवरून कुणीही ओळखेल. आणखी एक. कंपनीने पैसे दिले की गाडीवरचा हक्क कंपनीकडे जातो. उद्या ती सापडली तर ती त्यांची. तेव्हा रक्कम स्वीकारतानाच लेखी विचारून ठेव, सापडल्यास मला पहिली संधी द्याल का, आणि कोणत्या किमतीला. बहुतेक लोक हे विचारत नाहीत आणि मग हळहळतात. पैसे आल्यावर डीव्हीएलएला, म्हणजे तिकडच्या वाहन नोंदणी खात्याला, कळवायचं, म्हणजे उरलेल्या महिन्यांचा रोड टॅक्स परत मिळतो.

दुसरी गाडी लगेच घेऊ नकोस. चुलत्याने ‘तेच मॉडेल दुसरं घे, विसरशील’ असं सुचवलं, त्यामागे माया आहे. पण रागात आणि घाईत घेतलेल्या जुन्या गाडीचा पत्रा कुणी नीट बघत नाही, हे तुला सांगायला नको. हिवाळा जाऊ दे. गॅरेजचं भाडं मात्र सोडू नकोस. हत्यारं तिथेच असू देत, तेल लावून ठेव. पुढे कधी घेतलीस तर बॅटरी डिकीत असते त्याचा फायदा घे, तिथेच बॅटरी तोडणारा एक कट-ऑफ स्विच बसव, आणि ट्रॅकर गाडी घरी आणण्याच्या आधी.

आईने गुळाची पोळी आणि तिखट शेव पार्सल केली आहे. ती विचारते, रात्री जेवतोस का. तिला मेसेज नको करूस, फोन कर. मिस्त्रीकाका म्हणाले, पोराला सांगा हात बसलेत, ते कुणी नेत नाही. त्यांनी सांगितलं तसं कळवतो आहे.

फाइल लावून झाली की सगळी स्कॅन करून मला पाठव. कंपनीचा आकडा आला तर ‘हो’ किंवा ‘नाही’ काहीच लिहू नकोस, आधी मला दाखव. आपण दोघं बसून उत्तर तयार करू. तुझ्याकडे संध्याकाळ असते तेव्हा इथे रात्र होते, तरी मी जागा राहीन.

तुझे,
बाबा