नानांच्या वगासाठी एक बेट

व्हॅलेटा, माल्टा

ती. अण्णा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. थंडी सरत आलीय, समुद्रावरचा वारा मात्र गप बसत नाही. पगार झाला, पैसे आईच्या खात्यावर टाकलेत. आई, गुडघ्याची गोळी जेवून घेत जा, उपाशीपोटी नको. मी नर्स आहे हे इथल्या म्हाताऱ्यांना पटतं, तुलाच पटत नाही.

अण्णा, इथून पुढचं नानांना वाचून दाखवा. ते फोनवर म्हणायले होते, धुळवडीला तेच ते सोंगी भारूड करून लोक कंटाळलेत, तिकडची काही गंमत असली तर लिहून धाड, वग बांधतो. तर नाना, ऐका.

आपल्या शिमग्याच्या मागंपुढंच इथं कार्निव्हल असतो. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपास लागायच्या आधी मनसोक्त खाऊन-नाचून घ्यायचं, असा हिशोब. कागदाच्या लगद्याचे घराएवढे पुतळे गाड्यांवर चढवून मिरवतात. प्रिन्योलाता म्हणून एक पांढरा गोड डोंगर विकायला असतो. आत केक आणि बदाम, वर चिलगोजे, चेरी आणि चॉकलेटच्या रेघोट्या. आईला एक घास झेपायचा नाही.

पण तुमच्या कामाचं आहे ते जुनं. १५३० पासून १७९८ मध्ये नेपोलियन येईपर्यंत इथं सेंट जॉनच्या सरदारांचं राज्य होतं. युरोपातल्या बड्या घराण्यांतली ही माणसं, लग्न न करण्याची शपथ घेतलेली. त्यांचा मुख्य तो ग्रँड मास्टर. कार्निव्हलच्या दिवशी खेड्यापाड्यांतली माणसं सकाळीच त्याच्या वाड्यापुढं येऊन थांबायची. सज्जातून परवानगी पुकारली, की मग १५६५ च्या तुर्की वेढ्याची लुटुपुटीची लढाई नाचून दाखवायची आणि सण सुरू. म्हणजे हसायलासुद्धा वरून हुकूम लागायचा! लास्कारिस नावाच्या एकानं तर १६३९ मध्ये बायकांना मुखवटे घालायची बंदी केली. आंबट तोंडाच्या माणसाला इथले लोक आजही त्याच्या नावानं ओळखतात. सूड घ्यावा तर असा.

१७२१ मध्ये झोंडादारी नावाच्या ग्रँड मास्टरनं लोकांसाठी कुक्कान्या सुरू केला. वाड्यासमोरच्या चौकात उंच वासे उभे करायचे, त्यांना हिरव्या फांद्या बांधायच्या आणि पाल्यात मांसाच्या तंगड्या, सॉसेज, जिवंत जनावरं अडकवायची. इशारा झाला की सगळा जमाव तुटून पडणार. हाताला लागेल ते ज्याचं त्याचं. आमच्या वृद्धाश्रमातले एक आजोबा हे फार अभिमानानं सांगतात. मला काही ते रुचलं नाही. एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा पाय, कुणाची कोंबडी कुणाच्या हातात, आणि सज्जात बसलेले सरदार वरून बघायलेत. निवडणुकीच्या तोंडावर साड्यांचा टेम्पो आला की आपल्या पारापुढं जे होतं, त्याहून वेगळं काय? खेळ लोकांचा आणि करमणूक मालकाची.

उलटं बोलायला गेलं की मालकांना झोंबतंच. इथंही कार्निव्हलच्या गाड्यांवर पुढाऱ्यांची टिंगल करायला कायद्यानं कितीतरी दशकं मनाई होती, ती अलीकडे उठली. शेजारच्या गोझो बेटावर नाडूर म्हणून गाव आहे, तिथला कार्निव्हल मला जास्त आवडला. ना मंडप ना बक्षीस. जुनी पोती, चादरी, काहीतरी भयंकर मुखवटे घालून लोक रात्री रस्त्यावर येतात. आवाजावरून कुणी ओळखू नये म्हणून कित्येक जण तोंडसुद्धा उघडत नाहीत. हातातल्या पाटीवर काय ते लिहिलेलं असतं. आपला पैठणकर नाथांचा बहुरूपी तिथं नेऊन उभा केला तर कुणी परका म्हणायचं नाही.

तर नाना, वगासाठी बेट आपण आपलंच करू. नाव तुम्ही ठेवा. बेटावर सात घराणी राज्य करतात आणि वर्षातून एक दिवस त्यांनी रयतेला हसवायचं, अशी रीत. दानधर्म नाही, जेवणावळ नाही, पैसे वाटले तर घराणं बाद. कौल देणार मिठागरातल्या बाया. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून पाय फाटलेल्या, लवकर हसत नाहीत. ज्याच्यावर त्या हसल्या नाहीत, त्या घराण्यानं वर्षभराचा मिठाचा कर सोडायचा. म्हणून सगळे घाबरून तालमी करायलेत.

पहिला सरदार गरिबांच्या येडेपणाचे विनोद सांगतो. त्याचे कारकूनच तेवढे हसतात. दुसरा भाडोत्री विदूषक आणतो. बाया म्हणतात, हा हसवायलाय, तू काय करायलास? तिसऱ्यापुढं त्या शेळी आणून उभी करतात आणि म्हणतात, दूध काढ. आता शेळीला काय माहीत हा कोण ते! तो जरीच्या अंगरख्यात उकिडवा बसतो, आधी भांडं चुकीच्या बाजूला ठेवतो, मग सडाला हात लावायच्या आधी शेळीला नमस्कार करतो. शेळी त्याच्या पागोट्याचा शेव चघळायला लागते. तो ओढतो, ती ओढते, पागोटं उलगडत चौकभर जातं. इथं सगळ्यात म्हातारी बाई पदर तोंडाला लावते आणि खांदे हलायला लागतात. हसली की नाही यावर सात घराण्यांचा वाद पेटतो. तो वाद तुम्ही हवा तेवढा वाढवा, सवाल-जवाब टाका.

आपल्याकडं याला जागा नाही असं नाही. केज तालुक्यातल्या विड्याला धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून, गळ्यात चपलांचा हार घालून मिरवतातच की. पुन्हा नवे कपडे करून मानानं पाठवणी. पहिला मान गावच्या देशमुखांच्याच जावयाला मिळाला म्हणतात. माझं एवढंच म्हणणं आहे, की जावई सापडतो तसा सासराही एकदा सापडावा.

म्हणून सरदारांच्या सोंगाला आपली नेहमीची पोरं घेऊ नका. सरपंचांना, सोसायटीच्या चेअरमनला विचारा. नाही म्हणाले तर कोण कोण नाही म्हणालं ते वगात सुरुवातीलाच गाऊन टाका, गण झाल्यावर लगेच. मिठागरातल्या बायांचं काम बचत गटातल्या बाया करतील, आणि त्यांना बोल पाठ करून देऊ नका. त्यांच्या मनाला येईल ते बोलू द्या.

शेळी आपल्या गोठ्यातलीच घ्या. परक्याच्या शेळीनं चेअरमनला ढुशी मारली तर वर्षभर पंचायत बसेल, आणि अण्णा, ती निस्तरायला तुम्हालाच बोलावतील.

व्हिडिओ काढून ठेवा. सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी